‘क्रोममध्ये उघडून बघा’

तालुक्याच्या गावी ओळखीतला एक मुलगा सेवा केंद्र चालवतो. दहा बाय बाराचा गाळा, दोन संगणक, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं यंत्र आणि बाहेर बाकावर बसलेली आठ-दहा माणसं. त्याच्या मॉनिटरच्या उजव्या कडेला सेलोटेपने एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. वहीच्या पानाचा तुकडा, निळ्या पेनाने लिहिलेला. डावीकडे कामांची नावं, उजवीकडे ब्राउझरची. शिष्यवृत्ती – क्रोम. तोच अर्ज, पण फोटो अपलोड करायचा असेल तर – फायरफॉक्स. निविदा – एज, आयई मोड (म्हणजे एज ब्राउझरमध्ये जुना इंटरनेट एक्स्प्लोरर चालवायची सोय). एका ओळीपुढे नुसतं ‘रात्री’ लिहिलंय. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाला, “ती साइट दिवसा कुठल्याच ब्राउझरला चालत नाही, दादा.”

मी पोटापाण्यासाठी वेबसाइट तपासतो. बनवणारे बनवतात, मी त्या वेगवेगळ्या फोनांवर, संगणकांवर, ब्राउझरांवर उघडून कुठे काय मोडतंय ते लिहून देतो. त्यामुळे ही चिठ्ठी बघताक्षणी ओळखीची वाटली. आमच्याकडे हिला सपोर्ट मॅट्रिक्स म्हणतात, ती एक्सेलमध्ये असते, तिला रंग दिलेले असतात आणि तिचे पैसे लागतात. या मुलाने ती फुकट बनवली आहे. म्हणजे त्याला फुकट पडली. खर्च बाकावरच्या माणसांनी केलाय, तास-तास बसून. अर्ज अडला की दुसरा ब्राउझर, तिथे अडला की तिसरा, आणि चाललं की चिठ्ठीत नोंद. जी तपासणी साइट सुरू व्हायच्या आधी व्हायला हवी होती ती साइट सुरू झाल्यावर, शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, लोकांच्या अर्जांवर झाली.

ब्राउझर-चाचणी म्हणजे रंगाचा शेवटचा हात, वेळ उरला तर मारायचा, असं आमच्या धंद्यातसुद्धा मानतात. खाजगी साइटपुरतं मी त्यावर वाद घालत नाही. एखाद्या दुकानाचं पान माझ्या फोनवर उघडलं नाही तर मी दुसऱ्या दुकानात जाईन, नुकसान दुकानदाराचं. पण दुकान बदलता येतं, तलाठी बदलता येत नाही. जात पडताळणी, शिष्यवृत्ती, पीक विमा, पेन्शनचा हयातीचा दाखला, या कामांना दुसरं दार नाही. तिथे ‘पुढे जा’चं बटण दाबलं गेलं नाही तर त्याला गैरसोय म्हणणं फार सौम्य झालं, तो नकार आहे, आणि त्यावर कुणाची सहीसुद्धा नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की सरकारी पैशातून बनलेली साइट लोकांच्या हातात प्रत्यक्ष असणाऱ्या यंत्रांवर, पहिल्या पानापासून पावती छापेपर्यंत चालवून दाखवल्याशिवाय कंत्राटदाराचं शेवटचं बिल निघू नये.

हा नकार दिसत का नाही, तर त्यावर एक शब्द पांघरलेला आहे: सर्व्हर डाऊन. गावात, शहरात, बँकेत, कॉलेजात, काहीही अडलं की सर्व्हर डाऊन. माझ्या भाचीने एका प्रवेशाचा अर्ज भावाच्या आयफोनवरून भरायला घेतला. चार पानं भरली आणि पाचव्यावर पुढे जायला बटणच नाही. “मामा, सर्व्हर डाऊन आहे बहुतेक.” सर्व्हर ठणठणीत होता. पान लिहिणाऱ्याने ‘उंची पडद्याच्या शंभर टक्के’ असं लिहिलं होतं, आणि आयफोनच्या सफारीत ते शंभर टक्के मोजताना खालची पत्त्याची पट्टी धरली जात नाही. बटण त्या पट्टीच्या मागे जाऊन बसलं होतं. पान जरा वर ढकललं की अर्धा सेकंद दिसायचं, हात काढला की गायब. फोन आडवा धरून आम्ही तो अर्ज भरला. हा दोष आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि २०२२ पासून सफारीत त्यावर सरळ उपायही आहे. एकाने एकदा आयफोनवर तो अर्ज शेवटपर्यंत भरून बघितला असता तर पाच मिनिटांत सापडला असता.

मदत क्रमांकावर फोन लागला तेव्हा उत्तर आलं, “क्रोममध्ये उघडून बघा.”

आयफोनवर हे उत्तर कसं पोकळ आहे ते सांगायला हवं. आपल्याकडच्या आयफोनवर क्रोम नावाचं ॲप मिळतं, त्याचं चिन्हही तेच असतं, पण आतलं इंजिन, म्हणजे पान वाचून पडद्यावर मांडणारा भाग, सफारीचंच. ॲपलचा नियमच तसा आहे. युरोपियन महासंघाने डिजिटल बाजारांचा कायदा केला तेव्हा कुठे मार्च २०२४ पासून ॲपलने तिथे, भारतात नव्हे, दुसऱ्या इंजिनांना दार उघडलं. म्हणजे पुण्यात बसून आयफोनवर ‘क्रोममध्ये उघडा’ म्हणणं म्हणजे त्याच डॉक्टरकडे दुसऱ्या दाराने जा म्हणण्यासारखं आहे.

अँड्रॉइडवर आणि संगणकावर तरी क्रोम हा एकच आहे का? सेवा केंद्रातला दुसरा संगणक विंडोज ७ चा आहे. विंडोज ७ वर चालणारा शेवटचा क्रोम १०९ वा, जानेवारी २०२३ चा. त्यानंतर त्या यंत्रावर क्रोम पुढे सरकलेला नाही, सरकणारही नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या ११२ व्या आवृत्तीत सीएसएसचे, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणारे, नियम एकात एक लिहायची सोय झाली. पुण्यातल्या एखाद्या ऑफिसातल्या तरुण पोराला ती आवडते, मलाही आवडते, लिहायला सुटसुटीत आहे. पण ती वापरून लिहिलेलं पान १०९ वर अर्धं उघडं पडतं: रकाने एकमेकांवर चढतात, सूचनांचा मजकूर बटणावर येतो. बनवणारा सांगणार क्रोमवर तपासलंय. खोटं नाही. सेवा केंद्रवालाही क्रोमच उघडून बसलाय. दोघांचं क्रोम वेगळं आहे एवढंच, आणि त्या ‘एवढंच’मध्ये बाकावरच्या काकांची दुपार जाते.

‘पण लोक क्रोमच वापरतात’ हा युक्तिवाद मी इतक्या वेळा ऐकलाय, की त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. भारतात क्रोमचा वाटा प्रचंड आहे हे खरंच आहे. पण एखाद्या सरकारी साइटचे आकडे पुढे करून कुणी म्हणालं, ‘बघा, आमच्याकडे सफारी आणि फायरफॉक्सवरून अर्ज भरणारे जेमतेमच’, तर मी विचारतो, अर्ज भरणारे की भरायला आलेले? ज्यांचं बटण पट्टीमागे गेलं ते पाचव्या पानावरून परत गेले, मग सेवा केंद्रात जाऊन क्रोमवर भरून आले. तुमच्या आकड्यांत ते क्रोमवाले झाले. पायऱ्यांच्या इमारतीत चाकाची खुर्ची दिसत नाही म्हणून रॅम्प नको, असं म्हणण्यातला हा प्रकार आहे.

वेबची सुरुवात अशी नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला तो नेक्स्ट नावाच्या महागड्या संगणकावर. दिसायला देखणा, पण नेक्स्ट होते कितीजणांकडे? म्हणून लगोलग दुसरा ब्राउझर लिहून घेतला, तो निकोला पेलो या गणिताच्या विद्यार्थिनीने. नुसत्या अक्षरांचा, माऊस नाही, चित्रं नाहीत, दुव्यांना आकडे दिलेले आणि आकडा टाइप करून पुढे जायचं. कुठल्याही कळकट टर्मिनलवर चालेल असा. जगातला दुसरा ब्राउझर लिहिला गेला तोच मुळी ‘सगळ्यांच्या यंत्रावर उघडलं पाहिजे’ या हट्टातून. पुढे १९९४ साली नेटस्केप आला, १९९५ साली इंटरनेट एक्स्प्लोरर, आणि दोघांच्या मारामारीत ‘हे पान अमुक ब्राउझरमध्ये उत्तम दिसेल’ असे बिल्ले पानापानावर लागले. २००१ साली एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती आली, स्पर्धक उरला नाही, तेव्हा पुढची पाच वर्षं मायक्रोसॉफ्टने नवी आवृत्तीच काढली नाही. सातवी आली ऑक्टोबर २००६ मध्ये, फायरफॉक्सने मानेवर श्वास सोडल्यावर. सगळं जग एका ब्राउझरसाठी लिहू लागलं की तो ब्राउझर झोपतो.

त्या काळात मराठीने तर याची दुहेरी किंमत मोजली. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून होती, पण विंडोज एक्सपीवर ती नीट दिसायची तर सीडी घालून ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ची खूण करावी लागे, आणि ते कोण करणार? म्हणून मराठी वर्तमानपत्रांनी आपापले फॉन्ट वापरले. काहींनी ते पानाबरोबर आपोआप उतरतील अशी सोय केली, पण मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने बांधलेला फॉन्ट फक्त एक्स्प्लोररमध्ये उतरे. दुसऱ्या ब्राउझरमध्ये अग्रलेखाच्या जागी टिंबं-टोप्या लावलेल्या युरोपी अक्षरांचा गोपाळकाला. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत एक ओळ असायची: मराठी दिसत नसल्यास येथून फॉन्ट डाउनलोड करा. परदेशातल्या मराठी माणसाला ती ओळ अजून आठवत असेल. त्या काळातला बराच मजकूर आज शोधूनही सापडत नाही, कारण शोधयंत्राच्या लेखी तो मराठी नव्हताच. ज्याने त्या वेळी फक्त आपल्या संगणकावर उघडून ‘दिसतंय की’ म्हटलं, त्याने आपलंच दप्तर जाळलं.

दक्षिण कोरियाची गोष्ट मात्र सगळ्या सरकारी बाबूंना सक्तीने ऐकवावी अशी आहे. नव्वदच्या दशकात अमेरिका तगडं कूटलेखन निर्यात होऊ देत नव्हती. बाहेरच्या देशांना मिळणाऱ्या ब्राउझरांत कच्चं कुलूप असे. कोरियाने बँकव्यवहारांसाठी स्वतःचं कुलूप बनवलं, सीड नावाचं. हेतू उत्तम, काम उत्तम. १९९९ साली इलेक्ट्रॉनिक सहीचा कायदाही केला. फक्त हे कुलूप ब्राउझरमध्ये बसवायचं कसं, तर ॲक्टिव्हएक्स या मायक्रोसॉफ्टच्या जोड-तंत्राने, आणि ॲक्टिव्हएक्स चाले फक्त इंटरनेट एक्स्प्लोररवर. झालं. बँक, खरेदी, सरकारी दाखले, सगळं एका कंपनीच्या एका ब्राउझरला बांधलं गेलं. अमेरिकेने निर्यातीचे नियम सैल केले, जगभर बळकट कुलपं मिळू लागली, तरी कोरिया सुटेना, कारण आता नियमच तसे होते आणि त्या नियमांवर जगणारे कंत्राटदार होते. २०१४ साली एका गाजलेल्या कोरियन मालिकेतल्या नायिकेचा कोट विकत घ्यायला चिनी चाहते कोरियन साइटवर गेले आणि ॲक्टिव्हएक्सच्या भिंतीवर आपटून परत आले. खुद्द राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांना त्यावर बोलावं लागलं. या सहीसाठी लागणाऱ्या सरकारमान्य प्रमाणपत्रांचा खास कायदेशीर दर्जा गेला तो डिसेंबर २०२० मध्ये. एका ब्राउझरवर तपासून ‘चालतंय’ म्हणण्याची किंमत एका प्रगत देशाने वीस वर्षं भरली, आणि सुरुवात सुरक्षेसारख्या चांगल्या कारणाने झाली होती.

आपल्याकडे याचं धाकटं भावंड आहे: डिजिटल सहीचा यूएसबी टोकन. निविदा भरणाऱ्या ठेकेदारांना विचारा. सही व्हायची जावाच्या ॲप्लेटमधून, म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडलेल्या प्लगइनवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधून. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने असे प्लगइन बंद केले, मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सनेही. दोघांनी बराच आधीपासून सांगून बंद केले, कारण ते धोकादायक होते. पोर्टलं बदलेपर्यंत ठेकेदारांनी काय केलं? एक जुना संगणक बाजूला ठेवला, त्यावर जुना एक्स्प्लोरर, जुना जावा, अपडेट बंद, अँटिव्हायरस गप्प केलेला. त्याच यंत्रावर लाखोंच्या निविदा. सुरक्षेसाठी आणलेल्या सहीने अख्ख्या ऑफिसातलं सर्वांत असुरक्षित यंत्र जन्माला घातलं. चिठ्ठीतली ‘एज, आयई मोड’ ही ओळ त्याच घराण्यातली. एक्स्प्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला, तरी त्याचं भूत एजच्या पोटात अजून राबतंय.

थोडं विषयांतर करतो, पण गंमत आहे. ब्राउझर साइटकडे जाताना आपलं नाव सांगतो. आजचा क्रोम काय सांगतो माहीत आहे? ‘मोझिला’, मग ‘ॲपलवेबकिट’, मग कंसात ‘केएचटीएमएल, गेकोसारखा’, मग ‘क्रोम’ आणि शेवटी ‘सफारी’. एवढ्या सगळ्यांची नावं. कारण साइटवाले दारात उभे राहून आडनाव विचारत आले: मोझिला असशील तर आत ये, नसशील तर ‘तुमचा ब्राउझर चालणार नाही’. मग जो नवा आला त्याने आधीच्याचं आडनाव लावलं. २००९ साली ऑपेराची दहावी आवृत्ती आली तेव्हा बऱ्याच साइट आवृत्तीचा पहिलाच आकडा वाचायच्या. दहाचं एक झालं. शेवटी ऑपेराने ‘मी ९.८०’ असं सांगायला सुरुवात केली, बाईंनी वय लपवावं तसं. २०२२ साली क्रोम आणि फायरफॉक्स शंभरीला पोचले तेव्हा दोघांनी महिनोन् महिने आधीपासून चाचण्या घेतल्या, तीन आकडी वय ऐकून कुठल्या साइट कोसळतात ते बघायला. आडनाव विचारू नका, काम येतं का ते विचारा, हा धडा आमच्या धंद्यात पंचवीस वर्षं शिकवला जातोय. ‘कृपया क्रोम वापरा’ची पाटी लावणारा तो पहिल्याच दिवशी विसरतो.

दुसऱ्या बाजूचं खरं म्हणणं मी टाळत नाही. प्रत्येक ब्राउझरवर, प्रत्येक आवृत्तीवर पान सारखं दिसावं असं मी म्हणत नाहीच. ती पैशाची नासाडी. जुन्या फोनवर कोपरे गोल दिसले नाहीत, सावली पडली नाही, तर कुणाचं काही अडत नाही. अर्ज गेला पाहिजे, पावती मिळाली पाहिजे. फार जुन्या ब्राउझरला काही वेळा दार बंदच करावं लागतं, कारण त्याचं कुलूप तुटलेलं असतं. बँकेच्या व्यवहाराला ते योग्यच आहे. पण मग ते पहिल्या पानावर, मराठीत, कारणासकट सांगा आणि खिडकीवर कागदी अर्ज घ्या. पाचव्या पानावर बटण लपवून सांगू नका.

ब्रिटन सरकारच्या डिजिटल सेवेने २०१३ साली मोजून पाहिलं होतं, की त्यांच्या पानांवरच्या जावास्क्रिप्टचा, म्हणजे पानाला हलतं-बोलतं करणाऱ्या कोडचा, लाभ किती भेटींत मिळत नाही. उत्तर आलं १.१ टक्का. त्यातले ज्यांनी ती बंद ठेवली होती किंवा ज्यांच्या ब्राउझरला ती येतच नव्हती ते फक्त ०.२ टक्के; उरलेल्या ०.९ टक्क्यांचे ब्राउझर बरे होते, तरी वाटेत कुठेतरी काहीतरी तुटलं होतं. म्हणून त्यांनी आधी साधं पान चालवायचं आणि मग त्यावर साज चढवायचा असा शिरस्ता ठेवला. त्या सेवेत काम केलेल्या एका तंत्रज्ञाने लिहून ठेवलेला प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. लंडनमधल्या घरभाडे-मदतीच्या ऑफिसात एक तरुण मुलगी हातातल्या प्लेस्टेशन पोर्टेबलवर, म्हणजे खेळायच्या यंत्रावर, सरकारी साइटवरची मदतीची माहिती वाचत होती. त्या यंत्राचा ब्राउझर भिकार. पण पान साधं होतं, त्यामुळे उघडलं.

आपल्याकडे असा शिरस्ता कागदावर आहे. सरकारी वेबसाइटसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ साली आली, २०२३ साली त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. वेगवेगळ्या ब्राउझरांवर चालणं, तपासणं, हे त्यांत आहे. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो खटला ब्राउझरचा नव्हता. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना ‘कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा’ म्हणणाऱ्या केवायसीचा होता. पण दुखणं एकच: बनवणाऱ्याने समोर एक माणूस धरला, आणि तो स्वतःसारखा धरला. पडदावाचकाच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीच्या, आधाराने काम करणाऱ्या माणसाने वाचक आणि ब्राउझर यांची जोडी महिनोन् महिने बसवलेली असते. त्याला ‘ब्राउझर बदला’ म्हणणं हे घरातली भांडी हलवून ठेवण्यासारखं आहे.

मग घोडं अडतं कुठे? बिलात. मी पाहिलेल्या निविदांत एक ओळ ठरलेली असते: ‘संकेतस्थळ सर्व प्रमुख ब्राउझरांवर चालणे आवश्यक.’ प्रमुख म्हणजे कोणते, कितवी आवृत्ती, कुठल्या यंत्रावर, कोण बघणार, काही नाही. सादरीकरण होतं साहेबांच्या दालनात, कंत्राटदाराच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या लाइनवर. अर्जदाराचं नाव ‘अबक’. सगळे टाळ्या वाजवतात. त्या दालनात कऱ्हाडचा पत्ता कुणी टाइप करून बघत नाही.

कऱ्हाडचं उदाहरण मुद्दाम घेतलं. यातला अर्धा ऱ् दोन प्रकारे लिहिला जातो. काही कळफलकांवर ऱ हे वेगळं अक्षर उमटतं आणि त्याचा पाय मोडला जातो. काहींवर साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह पडतं. पडद्यावर दोन्ही ‘कऱ्हाड’च. पण पत्त्याच्या रकान्यात ‘फक्त देवनागरी अक्षरे’ अशी अट लावणाऱ्याने युनिकोडचा देवनागरीचा पट्टा तेवढा मान्य केलेला असेल, तर ते अदृश्य चिन्ह त्या पट्ट्याबाहेरचं निघतं आणि लाल अक्षरांत येतं: ‘कृपया मराठीत लिहा.’ कऱ्हाडच्या माणसाला! तारखेचंही असंच. तारीख निवडायची वेबची ठरलेली चौकट क्रोममध्ये २०१२ पासून आहे, मॅकच्या सफारीत ती एप्रिल २०२१ मध्ये आली. तोवर तिथे नुसता कोरा रकाना दिसे, माणूस आपल्या सवयीने ५/३ लिही, आणि पलीकडे वर्ष-महिना-दिवस अशी वाट बघत बसलेला सर्व्हर अर्ज फेटाळी. अशा गोष्टी बुद्धीने सापडत नाहीत. दहा यंत्रं घेऊन, दहा माणसांकडून अर्ज भरून घेतले की सापडतात.

आणि हे आता महाग राहिलेलं नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ब्राउझरांची इंजिनं कमी झाली: ऑपेराने २०१३ साली आपलं सोडलं, मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये क्रोमच्याच पायावर नवा एज आणला. उरली मुख्य तीन, आणि ब्राउझर बनवणाऱ्या ॲपल, गूगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट यांनी २०२२ पासून दर वर्षी बसून एकमेकांतले फरक मिटवायचं काम हाती घेतलं आहे. मी नोकरीला लागलो तेव्हाच्या मानाने आजचं काम निम्मंही नाही. राहिली यंत्रं. ज्याला शेकडो फोन विकत घ्यायचे नाहीत त्याच्यासाठी ते दुरून भाड्याने वापरू देणारी जगातली एक मोठी कंपनी, ब्राउझरस्टॅक, २०११ साली मुंबईत सुरू झाली. आयआयटी मुंबईतून शिकलेल्या दोघांनी काढली. अमेरिकेतल्या, युरोपातल्या कंपन्या आपलं पान जुन्या सॅमसंगवर कसं दिसतं ते त्यांच्या यंत्रांवर बघतात. आणि आपल्या कितीतरी सरकारी साइटच्या तळाला अजून ‘१०२४ बाय ७६८ मध्ये उत्तम दिसेल’ लिहिलेलं आहे. कोपऱ्यात वाण्याचं दुकान असून घरात मीठ नाही.

तरी भाड्याच्या यंत्रांवर सगळं भागेल असं मला वाटत नाही. निविदेत यंत्रांची नावं लिहावीत: पाच वर्षं जुना, सात-आठ हजारांचा अँड्रॉइड फोन, विंडोज ७ चा संगणक, एक आयफोन, पडदावाचक बसवलेला एक संगणक. यादी दर वर्षी बदलावी. तपासणी कंत्राटदाराने करू नये, साहेबांनीही करू नये. जिल्ह्यातल्या चार-पाच सेवा केंद्रांना दिवसाची मजुरी देऊन अर्ज भरायला लावावेत आणि पावत्या मोजाव्यात. जितक्या पावत्या कमी तितका हप्ता अडलेला. आणि शेवटच्या आठवड्यात दोष निघाला तर मुदत आपोआप वाढावी, त्यासाठी कुणाला आंदोलन करावं लागू नये. यात तंत्रज्ञानाचं असं काही नाही. रस्त्याच्या बिलाआधी डांबराची जाडी मोजतात, तसलंच हे. (मोजतात का, असं कुणी विचारेल. कागदावर तरी मोजतात.)

हे सगळं मी त्या सेवा केंद्रवाल्या मुलालाही ऐकवलं होतं. त्याने मान डोलावली, एका काकूंचा अंगठा पुसून पुन्हा यंत्रावर ठेवला आणि म्हणाला, “होईल तेव्हा होईल, दादा.” गेल्या महिन्यात पुन्हा जाणं झालं. मॉनिटरच्या कडेला ती चिठ्ठी नव्हती. तिच्या जागी तीच यादी, छापील, सरळ रेषा मारलेली, लॅमिनेट केलेली. खाली चार ओळींची जागा कोरी सोडली होती आणि दोऱ्याला एक मार्कर बांधलेला होता.